कोकरू कुणाचं

शब्द शिकवताना मी मुलांना तीन प्रश्न विचारायला लावते. हा शब्द कोण म्हणतं? कुणाला म्हणतं? आणि कुणासमोर म्हणतं? या तिन्हींची उत्तरं मिळाली की अर्थ आपोआप हाती येतो. शब्दकोशातला अर्थ आधार कार्डावरच्या फोटोसारखा असतो. माणूस तोच, पण ओळखू येत नाही.

नोकरी संपल्यावर मी नातेपुत्यातच राहिले. शाळा सुटली की आसपासची मुलं माझ्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात. इंग्रजी शिकायला येतात असं त्यांच्या घरी सांगतात. निम्मी मुलं शेंगदाण्याच्या लाडवासाठी येतात हे मला माहीत आहे, आणि माझी त्याला हरकत नाही.

त्या दिवशी फळ्यावर मी ‘चाइल्ड’ लिहिलं आणि म्हटलं, “हा झाला पुस्तकातला शब्द. आता बोलण्यातले सांगा. लहान पोरांना इंग्रजीत काय काय म्हणतात?”

“किड,” अजिंक्य म्हणाला. तो नेहमी पहिला बोलतो आणि नेहमी उभा राहून बोलतो. “पन बाई, किड म्हंजी करडूबी की.”

“करडूच की तू,” मागून पिंकी म्हणाली. सगळी हसली.

“मराठीत काय म्हणाल किडला?”

“पोरगं.”

“बरोबर. पोरगं कोण म्हणतं?”

“कोनबी म्हनतं. पन हेडमास्तर नोटिशीत लिहीत न्हाईत.”

असे आम्ही एकेक शब्द घेत गेलो. ‘टॉट’ म्हणजे नुकतं पाय फुटलेलं, धरून धरून चालणारं. ‘अर्चिन’ म्हणजे धुळीत लोळणारं, कुणाचं लक्ष नसलेलं. ‘ब्रॅट’ला सगळ्यांनी एका आवाजात ‘कार्टं’ म्हटलं आणि अजिंक्यकडे बघितलं.

“माझी आई रोज म्हनती,” तो अभिमानानं म्हणाला.

“आई म्हणते तेव्हा कसं वाटतं?”

“काय न्हाय वाटत. जेवाय वाढती की नंतर.”

“आणि मी म्हटलं तर?”

त्यानं विचार केला. “तुमी म्हनला तर आई भांडायला यील.”

“का? शब्द तर तोच आहे.”

यावर शेडमध्ये शांतता झाली. मुलं खरोखर विचार करतात तेव्हा एक प्रकारची शांतता होते. मला ती लाडवाइतकीच आवडते.

सोनाली तोवर काही बोलली नव्हती. सातवीतली मुलगी, काळीसावळी, उंच मानेची. तिचे आईवडील मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. पाचवीपर्यंत तीही त्यांच्याबरोबर जायची. मग शाळा बुडते म्हणून वडिलांनी, बिरुदेवनं, तिला गावाच्या कडेला आजीजवळ ठेवलं. आजी केराबाई, दोन शेळ्या आणि एक मोबाईल एवढं मागं ठेवून ते जातात. रेंज मिळाली की बिरुदेव त्या मोबाईलवर फोन करतो.

“बाई,” सोनाली म्हणाली, “आमच्यात कोकराला नावच नसतं.”

“मग हाक कशी मारता?”

“हाक मेंढीला. कोकराची नुसती वळख सांगायची. पान्यावर दोन कळपं मिसळली की कोकरं हिकडची तिकडं हुत्यात. मग इचारायचं, कोकरू कुणाचं? तवा ‘माझं हाय’ म्हनून चालत न्हाय. ‘काळ्या तोंडाचं’ म्हनूनबी चालत न्हाय. आई सांगावी लागती. ‘तुटक्या कानाच्या मेंढीचं’ असं. मग त्या मेंढीपुढं सोडायचं. तिनं हुंगून पाजलं की खरं.”

“आन् चोर आला तर?” अजिंक्यनं विचारलं.

“चोराला रंग म्हाईत असतोय,” ती म्हणाली. “लांबनं बघितल्याला असतोय की. आई म्हाईत नसती.”

मी त्या दिवशी शिकवणं तिथंच थांबवलं. त्याच्यापुढं फळ्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

अंधारून आलं तशी केराबाई नातीला न्यायला फाटकाशी आली. मी आतून दिवा लावत होते. बाहेर तिनं हळूच हाक मारली, “हरने.”

सोनाली चपला घालता घालता थांबली. “कुणाची?”

“सोनीची.”

मग ती हसत पळत गेली. मी दारात आलेली बघून केराबाई लाजली. “काय न्हाय बाई, ल्हानपनाची सवय हाय. मुलुख परका, मानसं परकी. हाक मारली की कुणाच्याबी मागं जायाची. म्हून शिकीवलं, आदी इचार, कुणाची. आईचं नाव सांगंल त्योच आपला.” सोनी म्हणजे तिची सून, सोनाबाई. “घरातलं नाव हाय, बाई. लोकांत घेत न्हाय आमी. दिष्ट लागती.”

“मी विसरले बघा,” मी म्हटलं. ती हसली. पण नाव काही मी विसरले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सोनालीनं तास संपताना विचारलं, “बाई, किडो म्हंजी काय?”

आम्ही तो शब्द घेतला नव्हता. मला आनंद झाला. मूल बाहेरून शब्द वेचून आणतं, त्यासारखं शिक्षकाला दुसरं सुख नाही. “कुठं ऐकलास?”

“व्हिडिओत.”

“किडो म्हणजे ‘पोरी’, ‘बाळा’. मोठं माणूस लहानाला म्हणतं. जरा मायेनं, जरा मोठेपणानं. काका म्हणेल. मोठी बहीण म्हणेल.”

“म्हंजी जवळचं मानूस.”

“जवळचं, किंवा जवळचं व्हायला बघणारं,” मी म्हटलं आणि फळा पुसायला वळले. तेव्हा मी ते नुसतं नेमकेपणासाठी म्हटलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं ‘लिटल वन’ आणला. मी म्हटलं, “लेकरू. चिमणी. हा घरातला शब्द आहे. आजी म्हणेल, आई म्हणेल, झोपवताना.” तिनं मान हलवली. डोळ्यांत काहीतरी चमकलं होतं. आई कोकणात असलेल्या पोरीला ‘लेकरा’ ऐकून काय वाटत असेल हे मला कळलं, आणि तिथं पहिल्यांदा मला कसंसं झालं. व्हिडिओतलं माणूस सगळ्यांशी बोलतं. सोनाली असं विचारत होती की जणू तो शब्द एकट्या तिच्यासाठी आला आहे.

मग आलं ‘माय ब्रॅट’.

“ब्रॅट म्हंजी कार्टं ना, बाई? मग ‘माय’ लावल्यावर ते लाडाचं हुतं का?”

“होऊ शकतं. तुझी आई तुला ‘माझं कार्टं’ म्हणाली तर लाडाचंच. तिला तो हक्क आहे.” मी खडू खाली ठेवला. “कोण म्हणालं?”

“कोन न्हाय. व्हिडिओत.”

पिंकीनं नाक मुरडलं. “व्हिडिओ न्हाय काय. तिला दीदी मिळालीया मोबाईलवर. सारकं तोंड खुपसून बसती. आमाला कोन म्हनतंय किडो?”

“गप की गं,” सोनाली म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पिंकी गप बसली.

त्या रात्री जेवताना मी ते शब्द मनात एकापुढं एक मांडून बघितले. किडो. लिटल वन. माय ब्रॅट. आधी बांधावरून हाक, मग अंगणात, मग उंबऱ्याशी. प्रत्येक शब्द आधीच्याहून एक पाऊल पुढं आला होता, आणि शेवटच्यापुढं ‘माझी’ लागलं होतं. शब्दांची अशी रांग मुलाच्या हाती आपोआप लागत नाही. ती कुणीतरी लावलेली असते. माझ्यासारख्या शिक्षकानं लावावी, सोप्याकडून अवघडाकडं, तशी. कुणीतरी सोनालीला धीरानं शिकवत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला मागं थांबवलं. बाकीची मुलं लाडू घेऊन गेली. पिंकी फाटकाशी रेंगाळली, तिला मी घरी पाठवलं. सोनाली दप्तर छातीशी धरून उभी होती. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं.

“बाई, ‘यू आर नॉट अ किड एनीमोर’ असं म्हनलं तर त्यो राग असतो का कौतुक?”

बाहेर रस्त्यावरून शेळ्या चालल्या होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत लांब गेल्या. इतके दिवस तिला लहान केलं होतं. आता अचानक मोठं केलं होतं.

“बस,” मी म्हटलं. “कोण आहे ती दीदी?”

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. खरं तर तिला कुणालातरी सांगायचंच होतं. हेमा दीदी. इंग्रजी बोलायचा एक ग्रुप होता, त्यात भेटली. तिला सोनालीचं इंग्रजी लई आवडलं. सोलापुरात तिची शाळा आहे, हॉस्टेल आहे, तिथं सगळ्या पोरी इंग्रजीतच बोलतात, भांडतातसुद्धा इंग्रजीत.

“तिच्याशी बोललीस?”

“रोज.”

“आवाजात?”

“तिचा घसा बसलाय. लिहिती ती.”

“इतके दिवस?”

सोनालीनं दप्तराचा बंद बोटाला गुंडाळला.

“आजीला माहीत आहे?”

“सरप्राइज हाय,” ती म्हणाली. “आमी एकदम सांगनार हाय.”

“सोनाली, आपला तिसरा प्रश्न आठव. ती तुला जे म्हणते ते कुणासमोर म्हणते?”

तिचा चेहरा मिटला. पाणी ओतल्यावर मातीचं भेगाळलेलं तोंड मिटतं, तसा हळूहळू. “तुमाला बी आवडत न्हाय व्हय, मी दुसऱ्याकडनं शिकल्यालं?”

“तसं नाही गं.”

“पिंकीगतच बोलताय.”

ती गेली. मी तिला अडवलं नाही. धरून ठेवलेलं मूल ऐकत नाही हे मला ठाऊक होतं. पण केराबाईशी बोलायलाच हवं होतं. लगेच शाल घेऊन मी त्यांच्या घरी गेले, तर घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, केराबाईची शेळी वीत नव्हती, अडली होती, तिला ती डॉक्टरकडं घेऊन गेली होती, आणि पोर गेली होती तिच्यामागं. मी ठरवलं, सकाळी उजाडल्याबरोबर यायचं.

सकाळी बाजार होता. माळशिरसच्या बाजूनं टेम्पो भरभरून येत होते. मी कडेकडेनं चालत गेले. केराबाई अंगणात नव्या करडाचं अंग कापडानं पुशीत बसली होती. मला बघून तिचा हात थांबला.

“बाई,” ती म्हणाली, “तुमी हितं?”

“का? काय झालं?”

“मग पोर कुटं गेली?” ती उठली. “तुमच्याकडं जादा तास हाय म्हनली की. वेनी घालून दिली म्या. नवा डिरेस घातला तिनं.”

माझं नाव सांगून ती गेली होती. मी थोडक्यात, सरळ शब्दांत, केराबाईला सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाही ‘अगं बया’ म्हटलं नाही. करडू टोपलीखाली झाकलं, पदर खोचला आणि पिंकीच्या घराकडं चालायला लागली. मी फोन लावत मागं. सोनालीचा मोबाईल बंद होता.

पिंकी एकटी होती. आई बाजारात गेली होती. ती आम्हाला बघून दाराच्या मागं सरकली.

“पिंके, कुठं गेलीय ती?”

“मला न्हाय म्हाईत.”

“बघ माझ्याकडं. मी तुला रागावणार नाही.”

तिनं केराबाईकडं बघितलं. केराबाई चौकटीत उभी होती.

“मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर,” पिंकी म्हणाली. “नव्या थांब्यात. दीदी गाडी घिऊन येनार हाय. मलाबी ने म्हनलं म्या. तर म्हनली, दीदीनं एकटीलाच बोलीवलंय.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सोनालीसाठी होतं की आपल्याला नेलं नाही म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही.

कोपऱ्यावर प्रभुची रिक्षा उभी होती. तो माझ्या हाताखालून गेलेला. मी बसता बसता सांगितलं तेवढ्यावर त्यानं भाड्याला आलेलं गिऱ्हाईक उतरवलं. रिक्षात बसून मी पोलिसांना फोन केला. पलीकडचा माणूस नाव, वय, गाव विचारत होता. मी वर्गात हजेरी देतात तशी एकेक उत्तरं दिली. केराबाई पुढच्या दांडीला धरून रस्त्याकडं बघत होती.

“फोटू धाडला आसंल का तिनं त्याला?” ती म्हणाली.

“असेल.”

“घर सांगितलं आसंल.”

“असेल, केराबाई.”

“नाव?”

मी सोनालीचा मोबाईल पुन्हा लावला. बंदच होता.

फाट्यावर पोचलो तर पुढं उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, उंच भरलेल्या, आणि त्याच्यामागं तसाच दुसरा. कारखान्याकडं वळताना पहिल्याचं चाक खड्ड्यात गेलं आणि सगळी रांग आडवी थांबली. ट्रॅक्टरवर मोठमोठ्यानं गाणं लावलेलं. प्रभुनं हॉर्न वाजवला, त्याचा आवाज त्याला स्वतःलाही आला नसेल. आम्ही उतरलो. दोन ट्रॉल्यांमधल्या फटीतून पलीकडचा थांबा दिसत होता.

सोनाली तिथं बसली होती. निळा ड्रेस, तेल लावून घातलेली वेणी, मांडीवर दप्तर. थांब्यात दुसरं कुणी नव्हतं. सगळं गाव बाजारात होतं. थोडं पुढं एक राखाडी गाडी उभी होती, काचा काळ्या. ती आत्ताच आली होती की सकाळपासून उभी होती, ते सांगता येणार नाही.

“सोनाली,” मी ओरडले. गाण्यात ते बुडून गेलं. केराबाई ट्रॉलीच्या खालून जायला वाकली, प्रभुनं तिला मागं ओढलं. “आज्जी, चाक हलतंय.”

गाडीची काच खाली झाली. आत पुढच्या बाजूला एक पुरुष होता. चेहरा दिसला नाही, फक्त कोपर आणि घड्याळ. बाई कुठंही नव्हती. सोनालीनं चमकून मान वळवली, जसं माणूस स्वतःचं नाव ऐकल्यावर वळवतं.

ती उठली. दप्तर खांद्याला लावलं. गाडीकडं चालायला लागली.

केराबाईनं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतली होती. मागचं दार आतून उघडलं. म्हणजे मागंही कुणीतरी होतं. सोनाली आणखी चार पावलं गेली आणि थांबली. तिचे ओठ हलले.

“इचारलं तिनं,” केराबाई म्हणाली.

“काय?”

“कुणाची म्हून.”

मला काही ऐकू येत नव्हतं. ट्रॅक्टरवर लग्नाचं गाणं वाजत होतं. घड्याळ घातलेला हात बाहेर आला, ये ये करून हलला. सोनाली जागची हलली नाही. तिचे ओठ पुन्हा हलले, तसेच, तेवढेच. मग तिनं एक पाऊल मागं टाकलं. मग दुसरं. पाठ न फिरवता, माळावर लांडग्यासमोरून हटतात तशी ती थांब्याकडं हटत आली. उघड्या दारातून एक पाय खाली टेकला.

तेवढ्यात ट्रॅक्टर धक्का देऊन निघाला. ट्रॉली सरकली आणि केराबाई मोकळ्या रस्त्यात घुसली, हात वर करून, आणि तिनं हाक मारली. पोरीला नव्हे. कळपाला मारतात ती हाक, जी या माळावरून त्या माळावर जाते. तो पाय आत गेला. दार लागलं. राखाडी गाडी फलटणच्या दिशेनं निघून गेली. घाईत नाही. काम उद्यावर गेल्यासारखी.

सोनाली थरथरत नव्हती. रडतही नव्हती. आजीनं तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि खरोखर हुंगलं.

“त्यो हरनी म्हनला,” ती म्हणाली. “मोठ्यानं. रस्त्यात. दीदीला म्या सांगितलं हुतं, घरात काय म्हनत्यात म्हनून. पन ती लिहायची. त्यो म्हनला, हरनी, चल, दीदी पुढं हाय.”

“मग?”

“म्या इचारलं, कुणाची?” तिनं आजीकडं बघितलं. “त्यो हसला. म्हनला, आमचीच की.”

पोलीस आले. चांगले वागले. सोनालीला एका ताईनं बाजूला बसवून हळू हळू विचारलं. प्रभुनं गाडीच्या नंबरातले शेवटचे आकडे सांगितले, पुढचे चिखलानं झाकलेले होते. हेमा दीदीचा फोटो आता नव्हता. नंबर बंद होता. ग्रुपही नव्हता. जणू कुणी फळा पुसून खडूसुद्धा घेऊन गेलं होतं. शोध चालू आहे, असं ते सांगतात. मी अधूनमधून जाऊन विचारते, आणि ते मला खुर्ची देतात.

बिरुदेव मिळेल त्या गाडीनं आला. उंबऱ्यात बसून राहिला. पोरीला मेंढरामागं घेऊन जातो म्हणाला. केराबाई म्हणाली, “तिनं इचारलं म्हून वाचली. इचारायचं शाळंतबी शिकत्यात. ऱ्हाऊ दे.” तो रात्रभर तसाच बसला आणि सकाळी एकटाच गेला. मोबाईल मात्र घेऊन गेला. आता तो माझ्या फोनवर फोन करतो, आणि मी सोनालीला बोलावते.

शेडमध्ये मी सगळ्या मुलांना ती गोष्ट सांगितली, सोनालीला विचारून. नावं गाळून नाही, कारण त्यांना सगळी माहीत होती. मुलं गंभीर होऊन ऐकत होती. अजिंक्य उभासुद्धा राहिला नाही. मग आम्ही पुन्हा शब्दांकडं वळलो. शब्दांचा काय दोष.

काल तास संपला. मुलं लाडू घेऊन पांगली. सोनाली पायरीवर चपलेचा तुटका अंगठा पिनेनं जोडत बसली होती. पिंकी फळ्याशी घुटमळत राहिली. नव्या वर्षापासून ती केसांत रंगीत रबर घालते आणि वर्गात पूर्वीसारखी बोलत नाही.

“बाई,” ती म्हणाली, “मंचकिन म्हंजी काय?”

मी तो शब्द कधी शिकवलेला नाही. शाळेच्या कुठल्या पुस्तकात तो असेल असंही मला वाटत नाही. गोबरं, खाऊन टाकावंसं वाटणारं लहान पोर, असा काहीसा त्याचा अर्थ आहे. आमच्या पिंकीचे गाल तसेच आहेत. ज्यानं तिला तो शब्द दिला, त्यानं तिला बघितलेलं होतं.

पायरीवर सोनालीचा हात थांबला. तिनं मान वर केली.

“कोन म्हनलं तुला?” तिनं विचारलं.

“कोन न्हाय,” पिंकी म्हणाली. “व्हिडिओत.”

“पिंके.”

“व्हिडिओत म्हनलं की.”

सोनाली उठली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि फाटकाला कडी घालून आली. मग पिंकीच्या समोर येऊन बसली. तेवढ्यात पिंकीच्या फ्रॉकच्या खिशात मोबाईल बारीक गुणगुणला, थांबला आणि पुन्हा गुणगुणला. पिंकीनं त्यावर हात दाबला, करडाच्या तोंडावर ठेवावा तसा, आणि आमच्याकडं बघत राहिली.